धुराची वजावट

त्या माणसाचा मला अजून राग येतो. वय झालं की राग निवतो, माणसं माफ करता येतात, असं लोक सांगतात. मला नाही जमलं. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, चहातली साखर गेली. पण लालबागच्या आमच्या चाळीची गच्ची आठवली की कानशिलं तापतात ती तापतातच. आणि ते होते तरी कोण? नात्याचे ना गोत्याचे. तिसऱ्या मजल्यावर आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. मी त्यांना काका म्हणायचे. बाकी चाळ त्यांना 'वरबघे' म्हणायची, आणि तेही तोंडावर.

गिरणीत ते फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होते. धुऊन, रंगवून, कडक होऊन आलेलं कापड उतरत्या टेबलावरून सरकत यायचं, आणि उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात काकांनी त्यातला दोष पकडायचा. निर्दोष माल 'फ्रेश'. थोडा डागी तो 'सेकंड'. तुकडाच हाती आला तर 'फेंट'. आणि अगदी कामातून गेलेली ती 'चिंधी'. वीसेक वर्षं हे चार शब्द बोलून बोलून त्यांची अशी गत झाली होती की जगात पाचवी प्रत असते हेच त्यांना पटत नसे. जिन्यात कुणी भेटलं की 'काय, बरं आहे ना' राहिलं बाजूला, हे त्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून उजेडाकडे तिरकी करायचे आणि निकाल देऊन पुढे जायचे.

एकदा चाळीतल्याच एका लग्नात नवरी बोहल्यावर चढायची होती. ह्यांनी तिच्या शालूचा पदर धरला, मांडवातल्या दिव्याकडे वळवला आणि वरमाईला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "सेकंड. जरीत फरक आसा." शालू वरपक्षानं आणलेला होता. पुढचा अर्धा तास मुहूर्त राहतो की जातो अशी अवस्था झाली. काकी, म्हणजे त्यांची बायको, दंडाला धरून त्यांना खोलीत घेऊन गेली म्हणून हाडं शाबूत राहिली. नंतर आई त्यांना म्हणाली, "अहो, जरा दम धरायचा होता." तर हे म्हणतात, "आणि माल पुढे गेलो असतो म्हंजे?"

असल्या माणसाला आकाशात काय दिसावं? देव नाही, ग्रह नाही, पत्रिका नाही. पहिल्या पाळीला जाण्याआधी गच्चीवर दात घासताना त्यांना एक ठिपका सरकताना दिसला. विमान नव्हतं, विमान लुकलुकतं, आवाज करतं. हा मुकाट चालला होता, आणि चालता चालता उजळला, मग मंद झाला, मग एकदम दिसेनासा झाला. दुसरा कुणी असता तर चूळ भरून खाली आला असता. काका त्या दिवशी लेट मार्क घेऊन गिरणीत पोचले, कारण तो ठिपका त्यांना साटीनसारखा वाटला होता. साटीन हातात फिरवलं की एका बाजूनं चमकतं, जरा वळवलं की काळं पडतं. मांजरपाटाचं तसं होत नाही, ते कुठूनही सारखंच दिसतं. म्हणजे वर जे काही फिरत होतं त्याचा काही भाग साटीन होता आणि काही मांजरपाट. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी अकरावीत होते आणि हसून हसून पाणी नाकात गेलं होतं.

"हसा नको," ते म्हणाले. "चमक कापडात नसता. डोळ्यात पण नसता. तू खय उभी रवलंस, त्येच्यात असता."

पुढे मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं आणि हे वाक्य पुस्तकात निराळ्या कपड्यात भेटलं, तेव्हा हसू आलं नाही.

तारे, चंद्र, शुक्र ह्यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. "ते कोणी केलेले नाय," म्हणत. माणसाच्या हातची वस्तू असेल तरच तपासायची. उपग्रह रशियाचा असो, अमेरिकेचा असो, त्याच्या पत्र्याला कुणीतरी पॉलिश केलंय, कुणीतरी तो उजेडात तिरका धरून पास केलाय, ह्याची त्यांना पक्की खात्री होती. दूर कुठल्या तरी थंड देशातला तो फोल्डिंगवाला त्यांचा खात्यातला भाऊबंद होता. एक जुनं रॉकेट कोलांट्या खात, लुकलुकत जायचं. ते दिसलं की काका चिडायचे. "माल सुटलो. बांधूक येणा नाय ह्यांका."

उपग्रह दिवेलागणीच्या सुमारास किंवा पहाटे दिसतात. आपल्याकडे सूर्य बुडालेला असतो, पण इतक्या उंचावर अजून ऊन असतं. त्या उन्हात तो चकाकतो आणि आपल्याला ठिपका दिसतो. तो कधी येणार ह्याच्या वेळा मला कॉलेजात मिळायच्या. आमचे एक प्राध्यापक होते, दादरच्या हिंदू कॉलनीत राहणारे, त्यांच्याकडे परदेशातून सायक्लोस्टाइल केलेली यादी येई. मी ती उतरवून आणायचे. त्यात वेळ असे, दिशा असे. किती ठळक दिसेल, ते मात्र कुणीच सांगत नसे.

"येळ काय, एष्टीची पण सांगतत," काका यादी बाजूला सारायचे. "दिसतलो कसो, ता सांग."

आणि ते सांगायचं कसं, ह्यासाठी त्यांनी खोलीत जो संसार मांडला होता तो बघून काकीकडे कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे काही शिल्लक उरलं नव्हतं. दुधाच्या पावडरीचा डबा, त्याला मांजरपाट गुंडाळलेलं. दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे पंख, त्यावर काळं साटीन ताणलेलं. हा उपग्रह दोऱ्यानं तुळईला टांगलेला. बॅटरी हा सूर्य. ती काकीनं धरायची, हात न हलवता, भात करपला तरी. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली, ती पृथ्वी. मी म्हटलं, "काका, चादर कशाला?" तर म्हणाले, "खालसून पण उजेड जाता ना वर." बरोबर होतं. ढगांवरून, समुद्रावरून उजेड उलटा वर जातो आणि उपग्रहाचं पोट उजळतं. मग काका वर्तमानपत्राची सुरळी एका डोळ्याला लावून, कोपऱ्यात उकिडवे बसून डब्याकडे बघायचे आणि दुसऱ्या हातात गिरणीतलं शेड कार्ड. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत कापडाचे करडे तुकडे एका पट्टीवर चिकटवलेले. डब्याचा उजेड कुठल्या तुकड्याशी जुळतो ते बघून आकडा लिहायचा. कोन बदलायचा, परत बघायचं.

त्या आकड्यांवर अंतराचा हिशेब मी चढवायचे. अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट, हे त्यांना टेबलावरच्या दिव्यावरून ठाऊकच होतं, सायन-कोसायन माझ्याकडे. सगळं झालं की शेवटी ते एक ग्रेड कापायचे. चमकेलाही ग्रेड कापडाच्याच, लखलखीत तो फ्रेश, मंद तो फेंट; फ्रेश निघाला असेल तर सेकंड लिहायचे, सेकंड असेल तर फेंट. ही धुराची वजावट. आमच्या गच्चीवरून तीन चिमण्या दिसत, आणि त्यांच्या पलीकडे आणखी, मोजायचा कंटाळा यावा इतक्या. आभाळ कायम धुरकटलेलं. तेव्हा वर काहीही चमको, लालबागला पोचेपर्यंत त्यातली एक ग्रेड चिमण्या खाऊन टाकत. ही वजावट त्यांनी वर्षानुवर्षं बघून ठरवलेली होती आणि ती इतकी नेमकी बसायची की चाळीतली टवाळ पोरंसुद्धा पैजा लावायला गच्चीवर यायला लागली होती. "वरबघे, आज काय?" "फेंट." आणि यायचा तो फेंटच.

मग संप झाला.

संपाबद्दल बोलायला आता सगळे पुढे येतात. ज्यांच्या घरात एक दिवस चूल थंड राहिली नाही तेही सांगतात की कामगारांनी असं करायला नको होतं, तसं करायला हवं होतं. मला त्यावर बोलायचं नाही, कारण बोलले तर तोंडातून चांगले शब्द निघणार नाहीत. माझे वडील साच्यावर, म्हणजे मागावर होते, काका फोल्डिंगला. दोघांच्या गिरण्या वेगळ्या, पण टाळं एकच. काकीची खाणावळ होती, वीस-बावीस गडी जेवायला असत. गडी गावी निघून गेले. थाळ्या धुऊन पालथ्या घातल्या त्या तशाच राहिल्या.

आणि काकांचे अंदाज चुकायला लागले.

पहिल्यांदा चुकला तेव्हा त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. दुसऱ्यांदा चुकला तेव्हा माझी वही मागवली. सेकंड लिहिलेला फ्रेश निघत होता, फेंट लिहिलेला सेकंड. महिनाभर त्यांनी माझा जीव खाल्ला. प्रत्येक कोन परत काढायला लावला. "कॉलेजात काय शिकयतत तुमका? फुगडे घालूक?" असं माझ्या आईसमोर बोलले. मी रडले, चिडले, पुन्हा गणितं केली. चूक सापडेना. मग एके संध्याकाळी गच्चीवर उभी असताना माझ्या लक्षात आलं की समोरच्या चिमणीमागची टेकडी मला दिसतेय. झाडंसुद्धा. जन्म तिथं गेला, पण ती टेकडी त्या जागी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मी धावत खाली आले. "काका, गणित बरोबर आहे. धूर नाहीये. वजावट काढून टाका."

ते शेड कार्ड पुसत होते. पुसतच राहिले.

"गिरण सुरू झाली की येतलो धूर," ते म्हणाले.

"तेव्हा परत धरू. आज तर नाहीये ना?"

"चार दिवसांसाठी कोण तक्ते बदलता?"

चार दिवस. संपाला तेव्हा सहा महिने होऊन गेले होते. मी भांडले. म्हटलं, काका, तुम्हीच सांगता ना, माल आहे तसा तपासायचा, मनात आहे तसा नाही? दुसऱ्या दिवशी वहीत त्यांनी दोन रकाने पाडले. एकात जे दिसलं ते. दुसऱ्यात जे दिसायला हवं होतं ते. आणि अंदाज विचारला तर दुसऱ्या रकान्यातलाच सांगायचे, धूर धरून. टवाळ पोरं आता हसायला गच्चीवर येत. "वरबघे, आज काय?" "फेंट." आणि डोक्यावरून झगझगीत फ्रेश निघून जायचा. पोरं टाळ्या पिटायची. मला त्या पोरांच्या मुस्काटात मारावीशी वाटायची, आणि काकांनाही गदागदा हलवावंसं वाटायचं.

कॉलेजात माझी एक मैत्रीण होती. ती म्हणाली, "एक मात्र बरं झालं हं संपाचं, हवा किती छान झालीय." मी तिच्याशी पुढे कधी बोलले नाही. ती चुकीचं बोलली नव्हती, हे मला कळत होतं.

ह्या सगळ्याचा शेवट काय झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. काकांची गिरणी उघडली नाही. तिच्या जागी आता काचेचा मनोरा आहे, आणि त्याच्या चाळिसाव्या मजल्यावर राहणारे लोक तक्रार करतात की शेजारच्या मनोऱ्यामुळे आभाळ दिसत नाही. काका-काकी गावी गेले, कुडाळकडे. गेले तोवर, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं, काका रोज सकाळी गेटवर जात राहिले आणि वहीत धुराची वजावट धरत राहिले. तिकडे गावी काय करत होते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

मी ज्या संस्थेत अडतीस वर्षं काढली तिथं मी निवृत्त व्हायच्या सुमारास एका हुशार मुलानं फळ्यावर मांडणी केली होती. उपग्रहाचा खरखरीत भाग किती, चकचकीत भाग किती, पृथ्वीवरून उलटून जाणारा उजेड किती, आणि शेवटी हवेची वजावट. आता शेकड्यांनी उपग्रह सोडतात, दुर्बिणीच्या फोटोंत रेघोट्या उठतात, म्हणून त्यांची चमक आधी सांगता यावी ह्यासाठी ही सगळी धडपड. मुलगा सांगत होता, हा विचार नवा आहे. मी मागून म्हटलं, "आमच्या शेजारच्या काकांनी केला होता. दुधाच्या पावडरीच्या डब्यावर." सगळे सभ्यपणे हसले. निवृत्तीला आलेल्या बाईला हसतात तसे. मला फळा पुसून टाकावासा वाटला. पण मी तिथं बसून चिडायचा हक्क कुठून आणला होता, ते मलाच ठाऊक होतं. तेच सांगायला बसले आहे.

संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. माझी शेवटची परीक्षा झाली होती. प्राध्यापकांना मी काकांबद्दल सांगितलं, डब्याबद्दल, साटीनबद्दल. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हणाले, "हे जर खरं असेल ना, तर ह्या गृहस्थांना मी जागा मिळवून देतो. माझ्या मित्राच्या संस्थेत निरीक्षकाचं एक पद आहे, सध्या तात्पुरतं, पुढं कायम होईल. पदवीची अट बघू आपण. पण मला पुरावा हवा. पुढच्या पंधरवड्यातल्या दहा फेऱ्यांचे अंदाज आधी लिहून द्या. मी माझ्या गच्चीवरून ताडून बघतो."

काकांना मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. नोकरीबद्दल मी बोलले की नाही? बोलले, पण मोघम. "सर काहीतरी काम बघतील म्हणत होते," एवढंच. त्यांना ऐकू गेलं ते इतकंच, की एक शिकलेला माणूस त्यांचा माल तपासणार आहे. तीन दिवस डबा, बॅटरी, सुरळी. दहा ओळींचा तक्ता त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि माझ्या हातात दिला. दहाच्या दहा ओळींत धूर.

दहाच्या दहा चुकणार, हे मला लिहिलेलं दिसत होतं.

मी तो कागद घेऊन आमच्या दारात उभी होते तेव्हा काकी बाहेर आली. तिला अंदाज, ग्रेड काही कळत नव्हतं, पण दीड वर्षं बॅटरी धरून एवढं कळलं होतं की धूर धरला की नवऱ्याचं हसं होतं. तिनं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काढ गो तो धूर," ती हळूच म्हणाली. "त्यांका सांगा नको. आधी घरातली चूल पेटू दे, मगे गिरणीचो धूर बघू."

मी काढला. दहा ओळी पुन्हा उतरवल्या, प्रत्येकीत एक ग्रेड वर चढवली, आणि काकांचा कागद पुस्तकात ठेवून माझा कागद सरांना दिला. पंधरा मिनिटांचं काम. मला वाटलं, मी केवढी शहाणी.

दहाव्या फेरीला प्राध्यापक स्वतः आमच्या चाळीत आले. दिवेलागणीची वेळ. गळ्यात दुर्बीण, खिशात माझा कागद. दादरचे सर येणार म्हणून गच्चीवर वीस-पंचवीस माणसं जमली होती, बहुतेक सगळे संपकरी. माझे वडीलही होते. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सरांनी त्यांचा हात हातात घेतला.

"नऊपैकी आठ तंतोतंत! अहो, विलक्षण आहे हे. मी चाळीस वर्षं शिकवतोय, पण असं काम पाहिलं नाही."

लोकांत कौतुकाची कुजबुज झाली. काका हसले नाहीत.

"आठ? नाय साहेब. माझे नवच्या नव चुकले."

"तुमचा विनय आहे हा."

"विनय खयचो? मी बघितलंय ना सगळे, ह्याच गच्चीवरसून. मी सेकंड लिवलंय तेव्हा फ्रेश इलो. फेंट लिवलंय तेव्हा सेकंड इलो. कागद बघू."

सरांनी कागद दिला. काकांनी तो मावळतीच्या उजेडाकडे तिरका धरला. मी पुढे व्हायला हवं होतं. झाले नाही.

"ह्यात धूर खय आसा?"

"धूर?" सर गोंधळले. "कसला धूर?"

"गिरणीचो. दर ओळीक एक ग्रेड."

प्राध्यापक मनापासून हसले. त्यांना वाटलं, गृहस्थ थट्टा करतायत. "अहो, पण धूर आहे कुठे आता?" त्यांनी तिन्ही चिमण्यांकडे हात केला. "बघा की. इतकं स्वच्छ आकाश मी मुंबईत जन्मात पाहिलं नव्हतं."

पंचवीस माणसं त्या चिमण्यांकडे बघत होती. माझ्या वडिलांनी मान खाली घातली. सरांना अजून कळलं नव्हतं की आपण काय बोललो. आजही वाटतं, त्या माणसाला तिथून खाली ढकलून द्यायला हवं होतं. आणि आजही कळतं, की त्यांना हे बोलायला शब्द पुरवले ते मी.

"धूर कोणी काढलो?" काकांनी विचारलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"मी."

"कित्याक?"

"कारण तो नाहीये, काका." मी ओरडलेच. काकीचं नाव घ्यायचं नाही एवढं भान होतं, बाकी काही नव्हतं. "दीड वर्ष झालं, नाहीये तो! सगळ्यांना दिसतंय. तुम्हालाच दिसत नाही. सर तुम्हाला नोकरी देतायत, कळतंय का? नोकरी!"

"माका नोकरी आसा," काका म्हणाले. "मी संपावर आसय."

आवाज चढला नव्हता. त्यांनी कागदाची घडी घातली, सरांच्या हातात ठेवली.

"साहेब, ह्यो तक्तो माझो नाय. ह्या चेडवाचो. जागा हिका द्या. गणितात पक्की आसा."

आणि ते जिन्यानं खाली गेले. त्यांच्यामागून एकेक करून बाकीचेही उतरले. वर राहिलो सर, माझे वडील आणि मी. दोन मिनिटांनी उपग्रह आला. नैऋत्येकडून वर चढला, चिमण्यांवरून सरकत डोक्यावर आला आणि लखलखला. फ्रेश. मी लिहिला होता तसाच, मी लिहिलं होतं त्याच जागी. सर "वा, वा" म्हणत घड्याळ बघत होते.

महिन्याभरानं नोकरीचं पत्र आलं, माझ्या नावचं. वडील म्हणाले, "घे." फी थकून धाकट्या भावाची शाळा सुटायची वेळ आली होती. काकी म्हणाली, "तू तरी घे गो." मी काकांच्या दाराशी गेले, भांडायलाच. म्हटलं, तुम्ही एकदा नको म्हणा, मी नाही घेत. ते सुरळीतून डब्याकडे बघत होते. डोळा न काढता म्हणाले, "माल पास झालो की फोल्डिंगवाल्यान त्येच्यावर हात ठेवूचो नसता."

म्हणजे त्यांनी माझ्यावर काहीच टाकलं नाही. घे म्हटलं नाही, घेऊ नको म्हटलं नाही. मी घेतली.

पहिल्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन निघाले तेव्हा काका गॅलरीत दात घासत उभे होते. मी थांबले. मला वाटत होतं, आता तरी बोलतील. चोर म्हणतील. मालकाची माणूस म्हणतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. रात्रभर तीच जुळवत होते.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"पावणेसात."

"मगे हय काय उभी? पळ. पयल्या दिवशी लेट मार्क बरो नाय."

मी तरीही उभी राहिले. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि आत गेले. मग मी पळाले. वेळेवर पोचले. अडतीस वर्षांत माझा एकही लेट मार्क नाही.